दुसरा जिना

१

काँक्रीट फोडायचा ब्रेकर बंद झाला तरी त्याची थरथर जवानांच्या मनगटांत उरली होती. धूळ सावकाश खाली बसत होती. खड्ड्यातल्या काँक्रीटचा एक जाड तुकडा सुटून बाजूला पडला होता. त्याच्या जागी, राखाडी दगडातूनच उगवल्यासारखी, माणसाची चार बोटे वर आलेली होती. तळवा उघडा होता, काही मागत असलेल्या हातासारखा.

"फोडा," सुभेदार म्हणाला. कोणी हलले नाही. तेव्हा त्याने स्वतः छिन्नी उचलली आणि गुडघ्यावर बसून मनगटापर्यंतचा भाग मोकळा केला. घड्याळ दिसले. काच शाबूत होती.

"कात्री," मागून कोणीतरी पुटपुटले.

कात्री म्हणजे गृहनिर्माण खात्याचा उपअभियंता. ओढ्याकाठची गरिबांची वस्ती उठवून तिच्या जागी पक्की घरे बांधायची, असे सरकारने ठरवले होते. आधीचे कंत्राटदार काम अर्धवट टाकून पळाले, म्हणून ते फौजेच्या बांधकाम तुकडीवर सोपवले गेले. जमीन सरकारची, नकाशा सरकारचा, हात फौजेचे. नकाशावर नजर ठेवायला खात्याने हा माणूस पाठवला, आणि आल्यापासून तो कापतच सुटला होता. खिडकी लहान, ओटा आखूड, भिंत बारीक. दोन आठवड्यांपूर्वी तो नाहीसा झाला, तेव्हा शोध घेण्यापेक्षा सुस्कारा टाकणारेच जास्त होते.

दुपारी पोलिसांची जीप फाटकातून आत आली. उतरली ती किरकोळ अंगाची, चष्मा लावलेली निरीक्षक. पोलिस खात्यात तिला टाचणी म्हणत: दिसायची नाही, टोचल्यावर कळायची. जीपमध्येच तिला वरून फोन आला होता: वस्तीतल्या कोणाचे तरी नाव संध्याकाळपर्यंत हवे आहे. 'कोणाचे तरी' हे शब्द तिच्या कानात खड्यासारखे अडकले होते.

सुभेदाराने सलाम ठोकला. त्याच्या बाहीवर रक्त होते.

"बाईसाहेब, खुनी सापडलाय," तो म्हणाला. "पोरांनी तंबूतून ओढून आणलाय त्याला. मी मध्ये पडलो म्हणून वाचला. तो जगेल तेवढं मात्र बघा."

२

सामानाच्या खोलीत, सिमेंटच्या पोत्यांवर, वस्तीतला वेल्डर पडला होता. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. श्वास घेताना बरगड्यांतून शिट्टीसारखा आवाज येत होता. फौजेचा औषधवाला त्याच्या ओठांवरचे रक्त टिपत होता.

"नाव विचारणार नाही," टाचणी पोत्यावर बसत म्हणाली. "तू काय बोललास ते सांग. सगळं गाव तेच सांगतंय."

"सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, तुला याच सिमेंटात गाडीन."

"गाडलंस?"

वेल्डर हसायला गेला आणि कळवळला. "तेवढं तरी नशिबात असतं तर बरं झालं असतं, बाई."

वस्ती पाडली त्या दिवशी त्याची आई स्टोव्ह आणायला परत घरात शिरली होती. बुलडोझरवाला थांबला होता. कात्रीने हाताने खूण केली, पुढे घे. भिंत आडवी झाली. मग वस्तीतली माणसे काटेरी तारेपलीकडच्या तंबूंत राहायला गेली, आणि वेल्डर रोज तारेपाशी येऊन उभा राहू लागला.

"तो नाहीसा झाला त्या संध्याकाळी कुठे होतास?"

"तारेपाशी. दंगल झाली ना त्या दिवशी. आम्ही दगड मारले, यांनी काठ्या चालवल्या. अंधार पडल्यावर पळालो."

"कोणी पाहिलं?"

"ज्यांनी पाहिलं त्यांची डोकी फुटली होती. त्यांना विचारा काय आठवतंय ते."

बाहेर तारेपलीकडे बायकांचा घोळका जमला होता. पुढे वेल्डरची मावशी. टाचणी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तो सुटेल का?" मावशीने विचारले.

"त्याने केलं नसेल तर सुटेल."

"म्हणजे नाही सुटणार," मावशी शांतपणे म्हणाली. "घर देतो म्हणून घर पाडलं यांनी. बहीण गेली. आता पोराला लटकवतील आणि त्याच्या नावावर एक खोली कमी बांधतील. हिशेब चोख आहे हो यांचा."

पोलिस डॉक्टर खड्ड्यातून वर आला. त्याच्या हातमोज्यांवर सिमेंटचा पांढरा थर होता.

"डोक्यावर पहारीचे घाव," तो म्हणाला. "पहिल्यातच संपला होता तो. पुढचे मारण्यासाठी नव्हते."

"मग कशासाठी?"

डॉक्टरने खांदे उडवले. "ते तुम्ही शोधायचं. पण एक सांगतो. पहिला घाव पाठीमागून नाही, समोरून आहे. मारणाऱ्याकडे बघतच मेलाय तो. आणि समोरच्याला घाबरून मागे सरकल्याची एकही खूण अंगावर नाही."

३

खडी पुरवणारा आपल्या ट्रकमध्ये बसून होता. फाटकावर त्याला अडवून ठेवले होते, म्हणून तो चिडला होता. घाबरलाही होता, पण ते लपवायला त्याने दुप्पट आवाज चढवला.

"माझं त्याच्याशी भांडण होतं, हो. कोणाचं नव्हतं? माझी खडी त्यानं परत पाठवली. म्हणाला, माती आहे हिच्यात. अहो, जमिनीतून निघते खडी, आकाशातून पडत नाही."

"त्या संध्याकाळी इथे आला होतात."

"आलो होतो. भांडायलाच आलो होतो. तिथं त्या खड्ड्याच्या काठावर तो नि या तुकडीचे मेजर उभे होते. मला बघून म्हणतो कसा, पुढची खडी कमी पाठव, दुसरा जिना रद्द."

टाचणीने चष्मा पुसला. "कोणता दुसरा जिना?"

"प्रत्येक इमारतीला दोन जिने आहेत ना नकाशात. एक रोजचा, एक आगीबिगीसाठी. तो म्हणाला, गरिबाला एक जिना पुरे. चढायला तोच, उतरायला तोच. स्वतःच हसला स्वतःच्या विनोदावर."

"आणि मेजर?"

खडीवाल्याचा आवाज प्रथमच खाली आला. "मेजर काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. नुसते त्याच्याकडे बघत होते. तेवढ्यात तारेकडून आरडाओरडा झाला, दगड यायला लागले, माझी काच फुटली. मी गाडी वळवली. मिक्सर चालू होता, माल फिरत होता, पाया अर्धाच भरला होता. जवान सगळं टाकून तारेकडे पळाले."

"मेजर?"

"मी मागे वळून बघितलं नाही, बाई. मला बायकापोरं आहेत."

टाचणी खड्ड्याशी परतली. मेजर सकाळीच मुख्यालयात गेला होता. प्रेत सापडल्याचे त्याला तिथेच कळवले होते आणि तो निघाला होता. खड्ड्यात जवान अजून प्रेत मोकळे करत होते. काँक्रीट सुटत नव्हते. प्रत्येक कपचीसाठी छिन्नीला झगडावे लागत होते.

"एवढं कठीण का जातंय?" तिने सुभेदाराला विचारले.

"भरीव आहे, बाईसाहेब." त्याच्या स्वरात नकळत अभिमान आला. "बघा ना, प्रेताच्या अंगाभोवतीसुद्धा कुठे पोकळी नाही. घाईत टाकलेल्या मालाला जाळी पडते, मधाच्या पोळ्यासारखी. इथे माल दाबून बसवायचा व्हायब्रेटर कोपऱ्याकोपऱ्यात फिरवलाय. असं काम येरागबाळ्याचं..."

वाक्य तिथेच मोडले. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्याने छिन्नी खाली ठेवली, टोपी काढली आणि सावधान उभा राहिला.

"बाईसाहेब, वेल्डरला सोडा. मी मारलं त्याला."

४

ती त्याला बाजूला, लोखंडी सळ्यांच्या ढिगाऱ्याआड घेऊन गेली.

"कशाने?"

"पहारीनं."

"का?"

"त्या बाईला चिरडलं त्यानं. माझ्या पोरांच्या हातून पाप करवलं. बुलडोझरवर माझ्याच तुकडीतला पोरगा बसला होता, बाईसाहेब. अजून जेवत नाही तो."

हे खरे होते. खोट्याला एवढा थकवा येत नाही. पण टाचणीने मान हलवली.

"हा पाया फोडायचा हुकूम आज सकाळी कोणी दिला?"

सुभेदार हातातली टोपी फिरवू लागला.

"तुम्हीच दिलात. मी विचारून आलेय. स्वतः पुरलेलं प्रेत स्वतःच्या तोंडानं कोण उकरायला सांगतं, काका?"

'काका' या शब्दाने तो किंचित हलला.

"मेजरसाहेब म्हणाले होते, तो पाया राहू द्या, मातीखाली जाईल. पण आत लोखंड होतं. फौजेत लोखंड मातीत टाकत नाहीत. साहेब मुख्यालयात गेले, म्हटलं परत येईस्तोवर सळ्या काढून, सरळ करून दाखवू. खूश होतील."

"हा पाया वाया का गेला?"

"जिना हलवला ना. तो दुसरा जिना आधी इथं पश्चिमेला होता. दंगलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी हुकूम काढला, जिना पूर्वेला घ्या."

"कारण?"

"इथली माती मऊ लागली म्हणून."

टाचणी वळून पुन्हा खड्ड्याकडे गेली. एक जवान पायाच्या कडेने खाली खणत होता. त्याच्या पहारीच्या टोकाला ठिणगी उडाली. तो शिवी हासडून मागे सरला आणि बाईमाणूस पाहून ओशाळला.

"काय लागलं?"

"कातळ आहे, बाईसाहेब. सगळीकडे कातळच. हा खड्डा आम्ही सुरुंग लावून खणला होता, हातानं खणवत नव्हता."

तिने खाली वाकून कातळावरून हात फिरवला. मग सुभेदाराकडे वळली.

"दंगलीनंतर सकाळी आलात तेव्हा अर्धा पाया पुरा भरलेला दिसला असेल. कोणी भरला, असं विचारलं नाहीत?"

"फौजेत भरलेल्या पायाला प्रश्न विचारत नाहीत," तो खाली बघत म्हणाला.

त्याच वेळी तारेकडून एक लांब, फाटका आवाज उठला. खांब मोडल्याचा कडाका झाला. तंबूंतली माणसे तार पाडून आत घुसली होती, दगड आणि लोखंडी नळ्या घेऊन, वेल्डरला सोडवायला. पहिला दगड पहाऱ्यावरच्या जवानाच्या जबड्यावर बसला आणि तो दात थुंकत खाली कोसळला. मागच्या रांगेने रायफली खांद्याला लावल्या.

आणि फाटकातून मेजरची गाडी आत आली.

५

मेजर उंच, सडपातळ, मानेवर जुन्या भाजल्याचे गुळगुळीत वण असलेला माणूस होता. गाडीतून उतरतानाच त्याच्या कपाळावर दगड लागला. त्याने रक्त पुसले नाही. आधी तो सामानाच्या खोलीच्या दारात गेला, आत पडलेल्या वेल्डरकडे त्याने पाहिले, आणि तसाच परतला. टाचणीने ते पाहिले. ती त्याला पश्चिमेच्या खड्ड्यापाशी आडवी गेली.

"एकच प्रश्न, मेजर. जिना का हलवलात?"

"ही वेळ आहे का, बाई? माझी माणसं गोळ्या घालतील आता."

"म्हणूनच आत्ता विचारतेय."

"माती मऊ होती."

तिने जवानाच्या हातातली पहार घेतली आणि उभी सोडली. कातळावर ती घंटेसारखी वाजली. दोघांच्या मध्ये तो नाद बराच वेळ राहिला.

"प्रेत लपवायला वेल्डरने हा खड्डा घेतला असता," ती म्हणाली, "तर माल कसाही ओतून पळाला असता. खडीवाल्यानेही तेच केलं असतं. पण हा पाया बांधणाऱ्याच्या हातांनी भरलाय. प्रेत पुरतानासुद्धा त्या हातांना वाईट काम करता आलं नाही. सुभेदार म्हणतात, मीच. पण त्यांनीच तो फोडायला लावला. उरतो तो माणूस, ज्याला माहीत होतं की या पायाखाली मेलेला माणूस आहे, आणि त्यावर जिवंत माणसांचा जिना उभा करणं ज्याला जमेना. म्हणून दुसऱ्या सकाळी त्याने कातळाला माती म्हटलं."

गर्दीतून एक नळी भिरभिरत आली आणि एका जवानाच्या गुडघ्यावर आदळली. तो किंचाळला. कोणीतरी रायफलीचा खटका मागे खेचून गोळी चढवली.

"तुम्ही आगीत मेलेली माणसं पाहिलीत, बाई?" मेजरने विचारले. त्याचा आवाज अगदी घरगुती होता. "मी एका बराकीतून काढलीत. एकच जिना होता. सगळे त्याच्या तोंडाशी एकमेकांवर चढलेले. वेगळे करता येत नव्हते. कुठला हात कुणाचा, ते ठरवायला आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. मी हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, मेजर, ही माणसं झोपड्यांत राहत होती, तिथे कुठे होते जिने? आणि हसला. पहार माझ्या हातात होती. पहिला घाव घातला तेव्हा मी त्याला मारत होतो. नंतर कुणाला मारत होतो ते मला माहीत नाही."

"दुसरा जिना वाचवलात."

"वाचवला. कागदावर आहे तसाच आहे, फक्त दिशा बदलली. खात्याला कळायच्या आत उभा राहिला असता."

"तुम्ही इमारतीतली सगळी माणसं मोजलीत," टाचणी म्हणाली. "त्या पोत्यांवर पडलेला एक मोजला नाहीत. आत्ता दारात उभं राहून बघून आलात त्याला. आईनंतर आता तो. कात्रीही असाच मोजायचा."

मेजरच्या चेहऱ्यावर प्रथमच काही हलले. दगडाने नव्हे, या वाक्याने तो मागे सरकला. औषधवाला खोलीतून धावत आला. वेल्डर रक्त ओकत होता, त्याला शहरात न्यायला हवे होते, आणि वाट गर्दीने अडवली होती.

मेजरने कमरेचा पट्टा सोडला, पिस्तुलासकट तिच्या हातात दिला. मग तो रायफली आणि गर्दी यांच्यामध्ये चालत गेला आणि जवानांकडे तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ दगडांकडे होती.

"हत्यारं खाली," तो म्हणाला. "वेल्डरला माझ्या गाडीत घाला. त्यानं काही केलेलं नाही. त्या माणसाला मी मारलंय."

पुढच्या दगडाने त्याच्या पाठीत धप्प आवाज केला. तो हलला नाही. दुसरा खांद्यावर बसला. तिसरा मावशीच्या हातात होता. तिने तो वर उचलला, बराच वेळ तसाच धरला, आणि गाडीला वाट द्यायला बाजूला झाली.

६

वेल्डर जगला, एक मूत्रपिंड गेले. मेजरला फौजेची बंद गाडी घेऊन गेली. जाताना त्याने टाचणीकडे पाहिले नाही. तो मान वळवून पूर्वेकडे पाहत होता, गाडीचे दार लागेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणी शेवटची पाहणी करायला आली. पश्चिमेचा खड्डा उघडा पडला होता. त्यात आता फक्त कातळ होता आणि त्यावर एक तपकिरी डाग. मोडलेली तार कोणी उभी केली नव्हती. तारेपलीकडे मावशी तंबूचा दोर ताणून बांधत होती, जणू तिथे अजून पुष्कळ दिवस काढायचे आहेत.

सुभेदार पूर्वेच्या खड्ड्याच्या काठावर बसला होता. खाली सळ्यांचा पिंजरा बांधून तयार होता. मिक्सर बंद होता. जवान त्याच्याभोवती हातावर हात घेऊन बसले होते. मालक मेल्यावर घरातली माणसे बसतात, तसे.

"तुमच्या तुकडीला माघारी बोलावलंय," टाचणी म्हणाली. "काम खात्याकडे जातंय. मला फोनवर कळलं."

"अपेक्षितच होतं."

"नवीन साहेब येतोय. त्याच्याकडे नवा नकाशा आहे. एकाच जिन्याचा."

सुभेदाराने मान डोलावली. बुलडोझर चालवलेला तो पोरगेला जवान मान वर न करता जमिनीवर बुटाच्या टोकाने रेघ ओढत होता.

"तुम्ही त्यांना सांगू शकला असतात ना," म्हातारा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागले. "सरकारला. की हा जिना हवाय."

"सांगितलं. म्हणाले, तुमचं काम खुनी शोधायचं, तो सापडला. अभिनंदन."

"मग?"

"मग काय? कायद्यानं माझ्या हाती जे होतं ते मी केलं. एका माणसाला फासावरून उतरवलं, आणि त्याच्याच लोकांचा जिना काढून घेतला. रात्रभर तेच उलटसुलट करून बघतेय. कुठूनही धरलं तरी टोचतंय."

सुभेदार प्रथमच तिच्याकडे नीट पाहू लागला. वारा सुटला होता. सळ्यांच्या पिंजऱ्यातून तो बारीक आवाज करत जात होता.

"हुकूम हातात पडायला दुपार होईल," ती म्हणाली. "तोवर तुम्ही इथले. भरलेला पाया सोडून द्यायचा किंवा फोडायचा तर नव्या साहेबाला वरून वेगळी मंजुरी आणावी लागेल, कारण द्यावं लागेल, सही करावी लागेल. असले साहेब सही करायला फार घाबरतात, काका."

"हे तुम्ही मला पोलिस म्हणून सांगताय?"

"मी काहीच सांगत नाही. मी विचारतेय. दुपारपर्यंत हा पाया होईल का?"

जवान मान वर करून पाहत होते. बुलडोझरवाल्या पोराची बुटाची रेघ थांबली होती.

सुभेदार गुडघ्यांवर हात टेकून उठला. त्याने पँटची धूळ झटकली, बाह्या कोपराच्या वर सारल्या, आणि तिला उत्तर न देता मिक्सरच्या दिशेने चालू लागला.